पॉइंटर छापला, पण डम्पमध्ये तो सापडतच नाही

लक्षण सगळीकडे सारखंच असतं. आयबीएमच्या मेनफ्रेमवर कोबॉल प्रोग्राम असेंब्लर या यंत्राजवळच्या भाषेत लिहिलेल्या एका जुन्या रुटीनला कॉल करतो. रुटीन मेमरीतल्या ब्लॉकचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, परत देतं. पहिला ब्लॉक नीट वाचला जातो, त्यातून पुढच्या ब्लॉकचा पत्ता उचलला जातो, आणि दुसऱ्या ब्लॉकला हात लावला की जॉब एस०सी४ (मेमरीत भलतीकडे हात गेल्याची चूक) देऊन झोपतो. मग माणूस डिस्प्ले घालून पॉइंटर छापतो, छापलेला आकडा घेऊन डम्प (जॉब पडतानाच्या मेमरीची प्रत) उघडतो, आणि त्यात असा आकडा कुठेच नसतो.

गेल्या पंधरा वर्षांत हा प्रकार किमान दहा वेळा माझ्याकडे आलाय. शेवटचा गेल्या महिन्यात, रविवारी सकाळी. भाची इंदूरच्या सुदामा नगरहून रामबागेत आली ती एका हातात पोह्यांचा पुडा, दुसऱ्या हातात लॅपटॉप घेऊन. घरूनच काम करते, एका विमा कंपनीची जुनी बॅच तिच्या टीमकडे आहे. "मामा, दोन रात्री गेल्या. पॉइंटर खराब येतोय एवढं कळतंय, पण कुठून खराब होतोय ते कळत नाही." पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरवेपर्यंत तिनं जॉबचा लॉग माझ्यासमोर धरला होता. कामाच्या ओळी दोनच:

पहिला: ०४३८६३३६२४
पुढचा: ०००१७१३४१३

या दोन आकड्यांकडे बघून तुम्हाला काय कळतं? मलाही काही कळलं नाही. दुसरा पहिल्यापेक्षा बराच लहान आहे, एवढंच.

इथेच पहिली गाठ आहे. एंटरप्राइज कोबॉलमध्ये यूसेज पॉइंटर असलेला डेटा सरळ डिस्प्ले केला की कंपायलर तो दशमान पद्धतीत छापतो, जणू त्याचं पिक्चर ९(१०), म्हणजे दहा अंकी आकडा, आहे. डम्प, लिंकेज एडिटरचा मॅप, असेंब्लरची लिस्टिंग, कोबॉलचा डेटा मॅप, हे सगळे मात्र हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत (० ते ९, मग ए ते एफ), बोलतात. म्हणजे लॉग एका भाषेत आणि बाकी सगळं दप्तर दुसऱ्या भाषेत. तिनं डम्पमध्ये ४३८६३३६२४ शोधलं होतं, ते मिळणार कसं!

कागदावर सोळानं भागत गेलो. ४३८६३३६२४ ला १६ नं भागा, बाकी ८. येणाऱ्या भागाकाराला पुन्हा भागा, बाकी ९. मग ४, मग ०, ५, २, १० म्हणजे ए, आणि शेवटी १. खालून वर वाचलं की १ए२५०४९८. दुसरा आकडाही असाच केला आणि दोन्ही आठ-आठ अंकांत एकाखाली एक लिहिले:

१ए२५०४९८
००१ए२५०५

पोहे बाजूला ठेवले. दुसरा पत्ता बिघडलेला नव्हता, एक बाइट सरकलेला होता. खरा पत्ता १ए२५०५१० असणार, म्हणजे पहिल्या ब्लॉकच्या १२० बाइट पुढे. तिच्या कॉपीबुकमध्ये (कोबॉलमधल्या ब्लॉकच्या आराखड्यात) लांबीही नेमकी १२० लिहिलेली. समोर एक रिकामा बाइट घुसला आणि शेवटचा १० बाहेर राहिला. दशमानात हे सात जन्मांत दिसलं नसतं, कारण एक बाइट सरकणं म्हणजे २५६ नं भागणं, आणि २५६ नं भागलेला आकडा डोळ्यांना ओळखीचा वाटत नाही.

म्हणून माझा पहिला हट्ट: दुरुस्तीला हात लावायच्या आधी छपाई सुधारा. पॉइंटर नेहमी हेक्समध्ये, नेहमी आठ अंकी, सुरुवातीची शून्यं न गाळता छापा. पॉइंटरचे आजार मोजून चार-पाचच आहेत आणि हेक्समध्ये प्रत्येकाचा चेहरा वेगळा दिसतो. दशमानात सगळे सारखेच, "काहीतरी भलताच आकडा".

(कोबॉलचे शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाका.)

हेक्समध्ये छापायचं कसं

कंपायलर नवा असेल तर काम सोपं आहे. पॉइंटरवर पिक एक्स(४) चं, म्हणजे चार अक्षरांचं, रीडिफाइन्स (त्याच जागेला दिलेलं दुसरं नाव आणि रूप) घ्या आणि ते फंक्शन हेक्स-ऑफ ला द्या. आठ अक्षरं तयार मिळतात.

हे फंक्शन नसेल तर हातानं करायचं. पॉइंटरवर पिक ९(९) कॉम्प-५ (बायनरी आकडा) असं रीडिफाइन्स घ्या. सोळा अक्षरांचा एक तक्ता ठेवा: शून्य ते नऊ, मग ए ते एफ. आठ फेऱ्यांचं परफॉर्म (लूप) लावा. प्रत्येक फेरीत १६ नं भागायचं, बाकीत एक मिळवून तक्त्यातलं अक्षर उचलायचं आणि उत्तराच्या चौकटीत उजवीकडून डावीकडे ठेवत जायचं. मूळ पॉइंटरवर भागाकार करू नका, आधी त्याची प्रत घ्या. हे सांगावं लागतं, कारण एका मुलानं छपाईच्या नादात खरा पॉइंटरच शून्य करून टाकलेला मी पाहिलाय आणि मग दिवसभर तो शून्य कुठून आलं ते शोधत बसला होता.

कॉम्प-५ वर मी अडून बसतो त्याला कारण आहे. पुष्कळ जुन्या प्रोग्राममध्ये एस९(९) कॉम्प लिहिलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं बरोबरही छापतं. पण ट्रंक(एसटीडी) हा कंपायलरचा पर्याय असताना असा डेटा डिस्प्ले केला की फक्त नऊ अंक छापले जातात. पत्ता १०० कोटींच्या आत आहे तोवर सगळं ठीक. ज्या दिवशी जॉबची मेमरी वाढते आणि पत्ता ३बी९एसीए०० ओलांडतो, त्या दिवसापासून पहिला अंक गुपचूप गळतो. १४३८६३३६२४ च्या जागी ४३८६३३६२४ छापलं जातं. प्रोग्राममध्ये कुणी एक ओळ बदललेली नसते, तरी लॉग खोटं बोलायला लागतो. कॉम्प-५ मध्ये चार बाइटची पूर्ण किंमत राहते आणि छापताना दहा अंकांची जागा मिळते.

आणि एस नको, म्हणजे चिन्ह नको. का ते पुढे येईलच.

असेंब्लरवाल्यांची युक्ती याहून देखणी आहे. अनपॅक करताना पाच बाइट घेऊन नऊ बाइटमध्ये पसरायचे, म्हणजे प्रत्येक अर्ध्या बाइटला एफचं डोकं लागतं. मग टीआर (तक्त्यानुसार अक्षरं बदलणाऱ्या) सूचनेनं आठ बाइट तक्त्यातून फिरवायचे, तक्त्याचा पत्ता २४० नं मागे धरून. नववा बाइट कचरा, तो सोडून द्यायचा. दोन सूचनांत काम फत्ते. पीएल-वन या भाषेत तर कष्टच नाहीत, हेक्स नावाचं बिल्ट-इन पॉइंटर घेतं आणि अक्षरं देतं, आणि हेक्सइमेजला पॉइंटर आणि लांबी दिली की तिथले तेवढे बाइट छापून मिळतात.

भाचीच्या ब्लॉकचं काय झालं होतं

असेंब्लरच्या डीसेक्टमध्ये (तिथल्या ब्लॉकच्या आराखड्यात) क्रम असा होता: चार अक्षरांची ओळखखूण, मग तीन अक्षरांचा कोड, मग ए प्रकारचा पत्ता. ए प्रकार पूर्ण शब्दाच्या सीमेवर बसतो, म्हणजे चारनं भाग जाणाऱ्या जागी. चार आणि तीन सात, सातवर तो बसत नाही, म्हणून असेंब्लरनं न विचारता एक बाइट मोकळा सोडला आणि पत्ता आठवर ठेवला. कोबॉलच्या कॉपीबुकमध्ये कुणीतरी तोच क्रम इमानेइतबारे उतरवला होता: एक्स(४), एक्स(३), पॉइंटर. सिंक्रोनाइज्ड (थोडक्यात सिंक, म्हणजे सीमेवर बसव) न लिहिल्यास कोबॉल जागा सोडत नाही, त्यामुळे त्याचा पॉइंटर सातवर. तो मोकळा बाइट शून्य होता, कारण रुटीन जागा घेताना ती साफ करून घेतं. म्हणून पत्त्याच्या सुरुवातीला दोन शून्यं आली.

तिला चकवलं ते ओळखखुणेनं. "पण मामा, आय-कॅचर बरोबर छापला जातोय!" छापला जाणारच, तो शून्यावर आहे. कोडही बरोबर येणार. चूक त्यांच्या नंतर सुरू होते. ओळखखूण बरोबर आली म्हणजे ब्लॉकचं दार बरोबर आहे एवढंच कळतं, आतल्या खोल्या कुठे आहेत ते कळत नाही.

खात्री करायला कोबॉल मॅप पर्यायानं कंपाइल करा. डेटा मॅपमध्ये प्रत्येक फील्डची गटाच्या सुरुवातीपासूनची जागा हेक्समध्ये मिळते. दुसऱ्या हातात असेंब्लर लिस्टिंगमधला डीसेक्ट घ्या, डावीकडचा लोकेशनचा रकाना बघा. दोन्ही फील्ड-फील्ड ताडून पाहा. ००७ आणि ००८ हा फरक आम्हाला पाच मिनिटांत दिसला. कॉपीबुक आणि डीसेक्ट वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले असतील, आणि ते नेहमीच तसे असतात, तर हे ताडून पाहणं पहिल्याच दिवशी करायचं काम आहे. कुणी करत नाही ते सोडा.

दुरुस्तीला दोन वाटा. पॉइंटरला सिंक लावा किंवा मध्ये एक्स(१) चं फिलर (एका बाइटची बिननावी भरती) घाला. मी फिलर घालतो. सिंकनंही काम होतं, पण ते जागा सोडतं आणि ती जागा कॉपीबुक वाचणाऱ्याला दिसत नाही, म्हणजे पुढचा माणूस पुन्हा बोटं मोजत बसणार. फिलर डोळ्यांसमोर असतं, शेजारी कॉमेंट टाकता येते. भाचीनं फिलर घातलं, मॅपमध्ये ००८ आलं, जॉब सोडला. साखळीतले ब्लॉक एकेक करून छापले गेले आणि शेवटी साखळी संपल्याची खूण ०००००००० आलं. पोहे तोवर गार झाले होते.

बाकीचे चेहरे

हेक्समध्ये छापायला लागलात की हे ओळखू येतील.

डावीकडचा अंक ८ किंवा त्याच्या वरचा. म्हणजे १ए२५०४९८ च्या ऐवजी ९ए२५०४९८. हा पत्ता खराब नाही, त्याचा सर्वांत वरचा बिट पेटलेला आहे. कॉलच्या पॅरामीटर यादीत शेवटचा पत्ता कोणता हे कळावं म्हणून त्याचा वरचा बिट चालू ठेवायची जुनी रीत आहे. एखादं रुटीन यादीतून तो पत्ता उचलतं आणि बिट न विझवताच तुमच्या पॉइंटरमध्ये टाकतं. ३१ बिटांच्या मोडमध्ये मशीन तो बिट बघत नाही, म्हणून वाचन व्यवस्थित चालतं. फटका बसतो तुलनेच्या वेळी: दोन पॉइंटर एकाच जागेचे असूनही "समान नाहीत" म्हणतात आणि साखळी संपल्याचं लूपला कळतच नाही. आणि छपाईला चिन्ह असलेलं फील्ड घेतलं असेल तर हाच पत्ता उणे १७०८८५००२४ असा छापला जातो. त्यावर वरची भागाकाराची फेरी चालवली की बाकी उणे ८ येते, तक्त्याचा क्रमांक उणे ७ होतो, आणि तक्त्याच्या अलीकडच्या मेमरीतलं जे सापडेल ते अक्षर छापलं जातं. एस नको म्हटलं ते यासाठी.

डावीकडचे दोन अंक शून्य, बाकीचे सहा बरोबर. १ए२५०४९८ च्या जागी ००२५०४९८. सरकलेल्या पत्त्यात आणि यात गोंधळ करू नका: तिथे शेवटचे अंक जातात, इथे सुरुवातीचे. याचा अर्थ वाटेत कुठेतरी २४ बिटांत चालणारा प्रोग्राम आहे. १९६४ च्या सिस्टम-३६० मध्ये पत्ता २४ बिटांचाच होता, रजिस्टर मात्र ३२ बिटांचं, आणि वरचा रिकामा बाइट लोक स्वतःच्या खुणा ठेवायला वापरायचे. १९८३ साली एक्सए ही पुढची रचना आली तेव्हा पत्ता ३१ बिटांचा झाला, पण जुने प्रोग्राम चालत राहिले, आजही चालताहेत. त्यांच्या हातून गेलेला पत्ता १६ एमबीच्या रेषेखालचा होऊन येतो. आमच्या शहराच्या पिनकोडमधून सुरुवातीचे ४५ खोडून पत्र टाकावं तसं, उरलेले अंक खरे पण पत्र पोचणार नाही. इथे डेटा(२४) लावून तुमचा डेटा रेषेखाली आणता येतो, त्यानं आग विझते. खरा उपाय त्या प्रोग्रामला ३१ बिटांत आणणं हाच आहे. त्यासाठी त्याचा सोर्स सापडावा लागतो, आणि ती वेगळी कर्मकहाणी.

सगळी शून्यं. हा नल. लोकांना वाटतं नल पॉइंटरनं वाचलं की जॉब पडेल. या मशीनवर तसं होत नाही. पत्ता शून्यावर पीएसए नावाचं सिस्टमचं क्षेत्र असतं आणि त्याचा सुरुवातीचा भाग कुणालाही वाचता येतो. म्हणून नलवर बसवलेल्या लिंकेजच्या (बाहेरच्या मेमरीवर बसवायच्या) गटातून फील्ड वाचली की कचरा मिळतो आणि प्रोग्राम खुशाल पुढे जातो. लिहायला गेलात तर मात्र लगेच एस०सी४. "वाचताना चालतं, लिहिताना पडतं" असं कुणी म्हणालं की मी आधी नल तपासायला सांगतो. पीएल-वनवाल्यांनी एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवायची: डिफॉल्ट पर्यायात नल३७० असेल तर तिथलं नल हे शून्य नसतं, एफएफ०००००० असतं. कोबॉलनं शून्य भरून पाठवलेली साखळी अशा प्रोग्रामला न संपणारी वाटते.

एस०सी४ बरोबर येणारा रीझन कोडही वाचत जा. ४ असेल तर जागा आहे पण तुम्हाला परवानगी नाही. १० किंवा ११ असेल तर त्या पत्त्यावर तुमच्यासाठी जागाच नाही, म्हणजे पत्ताच बनावट. सरकलेल्या पत्त्यात बहुधा दुसरा प्रकार दिसतो.

आणखी एक वैताग. पुष्कळ जण कंटाळून अख्खा गटच डिस्प्ले करतात. गटाला कोबॉल अक्षरांचा पट्टा समजतं, आतला पॉइंटर आणि पॅक्ड आकडे कच्च्या बाइटच्या रूपात जसेच्या तसे छापले जातात आणि एसडीएसएफमध्ये (जॉबचं आउटपुट बघायच्या स्क्रीनवर) त्यांच्या जागी रिकामं दिसतं. तिथे हेक्स चालू करून बघितलं तर काही बिघडत नाही, प्रत्येक अक्षराखाली त्याचे दोन अंक उभे दिसतात. पण हाच लॉग टेक्स्ट म्हणून लॅपटॉपवर उतरवला की खेळ खलास. एबसिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात १५ आणि २५ हे बाइट ओळ बदलण्याचे आहेत. आमच्या पत्त्यात, १ए २५ ०४ ९८ मध्ये, दुसराच बाइट २५ आहे! भाचीच्या फाइलमध्ये ओळ तिथेच तुटून पुढचे सगळे रकाने खाली गेले होते आणि ती त्याला प्रोग्रामची चूक समजत होती. पीसीवरून आलेल्या मुलांसाठी हेही सांगून ठेवतो: इथे बाइट उलटे साठवत नाहीत, मेमरीत जसे दिसतात त्याच क्रमानं वाचायचे.

छपाईच्या रुटीनवर विश्वास कसा ठेवायचा

हे भाचीनंच विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. छापणारं रुटीनच चुकलं तर? तर अशी साखळी चालून बघा जिच्या टोकाला काय आहे ते तुम्हाला आधीच माहीत आहे. लिंकेज सेक्शनमध्ये पॉइंटरचा एक तक्ता घ्या, चार-चार बाइटचे २५६. त्याचा पत्ता नलवर सेट करा. त्यातला १३६ वा पॉइंटर, म्हणजे सुरुवातीपासून ५४० बाइटवरचा, तुमच्या चालू टास्कच्या टीसीबीचा (टास्कची नोंद ठेवणाऱ्या ब्लॉकचा) पत्ता असतो. दुसरा तसाच तक्ता त्या पत्त्यावर बसवा आणि त्यातला चौथा पॉइंटर घ्या, तो टीआयओटीचा (जॉबच्या फाइलींच्या यादीचा). तिथली पहिली आठ अक्षरं म्हणजे तुमच्या जॉबचं नाव. प्रत्येक पायरीला पॉइंटर तुमच्या रुटीननं छापा आणि सीईई३डीएमपी ला कॉल करून डम्प घ्या, म्हणजे ताडून पाहता येतं. सीआयसीएस या ऑनलाइन व्यवहारांच्या सिस्टममध्ये चालवलंत तर जॉबच्या जागी रीजनचं नाव येईल, घाबरू नका.

ही परीक्षा आम्ही दुपारी जेवणाआधी लावली. पहिल्या खेपेला नाव आलं नाही, नुसते ठिपके. चौथ्याच्या जागी तिनं १२ वा पॉइंटर घेतला होता. मॅन्युअलमध्ये टीसीबीतली जागा १२ लिहिलेली असते, पण ते बाइट आहेत, तक्त्यातला क्रमांक नाही. क्रमांक बदलला, आणि स्पूलमध्ये (जॉबच्या आउटपुटमध्ये) तिच्या आयडीनं सुरू होणारं आठ अक्षरी नाव उमटलं.